पत्र क्र. ८८/१४

माझे बाबा नेव्हीत होते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अरे वा! ऑफिसर होते का?"

नाही. बाबा स्टोकर होते. म्हणजे जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, बॉयलर सांभाळणारा माणूस. १९६६ साली अठराव्या वर्षी भरती झाले, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर इंजिनाचं काम शिकले आणि १९९० साली चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. "इतकी वर्षं समुद्रावर होतात, कंटाळा नाही आला समुद्र बघून?" असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "बघायला वरती यायला लागतं रे."

तर हे पोस्ट त्यांच्याबद्दल. यात शौर्यपदक वगैरे काही येणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव म्हसळ्याजवळ. मुंबई-पुण्याच्या मंडळींना म्हसळा माहीत असतं ते श्रीवर्धन-दिवेआगरला जाताना लागणारा एसटी स्टँड म्हणून, वडापाव खाऊन पुढे जाण्यापुरतं. राजपुरीची खाडी आत आत येत जिथे संपते, तिथे हे गाव. समुद्र दिसत नाही, पण भरती-ओहोटी कळते. १९४८ पर्यंत हा सगळा भाग जंजिरा संस्थानात होता, म्हणजे सिद्दीचं राज्य. पाण्याशी संबंध जुनाच. आमच्या लहानपणी तर घरटी एक माणूस बाहेर असायचाच. कोणी मुंबईला गिरणीत, कोणी मालवाहू बोटीवर, कोणी कुवेत-दुबईला. मनीऑर्डरवर चालणारं कोकण म्हणतात ते हेच. त्यामुळे बाबा वर्षाचे दहा महिने घरी नसतात याचं मला काही विशेष वाटायचं नाही. मित्रांचे बाबाही नसायचेच.

फरक एकच होता. आमच्या बाबांच्या पत्रांना नंबर असायचे.

अंतर्देशीय पत्राच्या उजव्या कोपऱ्यात, तारखेच्याही वर: क्र. ८८/१४. म्हणजे १९८८ सालातलं चौदावं पत्र. दर जानेवारीला पुन्हा एकपासून सुरुवात. आम्हीही आमच्या पत्रांना नंबर द्यायचे असा हुकूम होता. आमचा पत्ता लिहिताना जहाजाचं नाव आणि पुढे 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' एवढंच. जहाज कुठे आहे ते आम्हाला माहीत नसायचं, आणि बाबांनी ते पत्रात कधी लिहिलंही नाही. पत्रं तिथे जमायची आणि जहाज बंदराला लागलं की गठ्ठ्याने मिळायची. कधी आधीचं पत्र नंतर, कधी नंतरचं आधी. म्हणून नंबर. प्रत्येक पत्राची पहिली ओळ ठरलेली: "तुमचं ८८/९ मिळालं. ८८/८ मिळालं नाही. त्यात काही महत्त्वाचं असेल तर परत लिहा."

पुढे इंजिनिअरिंगला नेटवर्किंगच्या तासाला सरांनी टीसीपी शिकवायला घेतलं. पॅकेट्स वेगवेगळ्या वाटेने जातात, मागेपुढे पोचतात, म्हणून प्रत्येकाला सिक्वेन्स नंबर. मिळालं की पोच द्यायची. पोच आली नाही की परत पाठवायचं. वर्गात सगळे माना खाली घालून लिहून घेत होते आणि मला हसू आवरेना. हे तर आमच्या घरी मी दुसरीत असल्यापासून चालू होतं!

८८/१४ मला पाठ आहे. मी तेव्हा नऊ वर्षांचा. त्यात गणित होतं. जहाजाला ६०० सागरी मैल जायचंय, वेग ताशी १५ मैल. किती तास लागतील? हे जमलं असेल तर पुढचं: मधे एक बॉयलर बिघडला म्हणून चार तास वेग १० वर आला, तर किती? "आईला विचारू नकोस. उत्तर मला पाठव." मी पाठवलं: ४१ तास २० मिनिटं. दीड महिन्याने उत्तर आलं. "तुझं ८८/११ मिळालं. उत्तर बरोबर आहे. पण पायऱ्या कुठे आहेत?"

आयुष्यात पुढे अनेक कोड रिव्ह्यू झाले. इतका नेमका एकही नाही.

बॉयलर बिघडण्याचं गणित त्यांनी हवेतून काढलं नव्हतं. १९७१ च्या युद्धात बाबा विक्रांतवर होते, तेवीस वर्षांचे. विक्रांतला चार बॉयलर होते आणि त्यातल्या एकाला युद्धाआधीच तडे गेले होते. आता विमानवाहू जहाजाच्या बाबतीत वेग म्हणजे नुसती पोचायची घाई नसते. विमान उडवताना जहाज वाऱ्याच्या तोंडावर घेतात आणि पळवतात. समोरून येणारा वारा अधिक जहाजाचा वेग, एवढ्या जोरावर त्या छोट्याशा डेकवरून विमान उचललं जातं. वारा पडलेला असेल आणि जहाजही मंद असेल तर उड्डाणच अवघड. बंगालच्या उपसागरात त्या दिवसांत वारा कमी आणि इथे बॉयलर तीन. तरीही ४ डिसेंबरला विक्रांतवरची सी हॉक विमानं उडाली आणि त्यांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. फोटोत दिसतात ती विमानं आणि डेकवरची माणसं. खाली पन्नास डिग्रीच्या आसपासच्या गरमीत वाफेचा काटा खाली येऊ न देणारी माणसं कुठल्याच फोटोत नाहीत. बाबांना त्याचं वाईट वगैरे वाटायचं नाही. "वरती विमान उडालं की खाली कळायचं. तेवढं पुरे," म्हणायचे.

एका गोष्टीबद्दल मात्र ते बोलत नसत. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता जहाजाबरोबर गेले, ते सगळ्यांना माहीत आहे, आणि माहीत असायलाच हवं. त्यांच्याबरोबर एकूण १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यात लोणावळ्याला बाबांच्या शेजारच्या कॉटवर झोपणारा एक मुलगा होता. दर ९ डिसेंबरला बाबा रात्री न जेवता झोपायचे. आई ताट वाढायचीच नाही. एवढंच.

आता, हे सगळं वाचून वाटेल की वा, काय बाप होता! होताच. पण आईची बाजू सांगितली नाही तर हे पोस्ट खोटं होईल. मी एकदा तिच्याजवळ या पत्रांचं फार कौतुक करायला लागलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पत्रं छानच असायची. पण रात्री तुला ताप चढला की पत्र उठून डॉक्टरकडे जात नाही."

१९८४ साली आजी गेली तेव्हा बाबा समुद्रात होते. तार केली होती. त्यांचं एक पत्र आलं, आणि ते स्वतः आले तेव्हा महिना उलटून गेला होता. मी पाच वर्षांचा होतो, मला अंधूक आठवतं. अंगणात बॅग ठेवली, विहिरीवर जाऊन आंघोळ केली, आणि ओल्या अंगानेच आईला विचारलं, "शेवटी काय खाल्लं तिने?" आई म्हणाली, "पेज." मग बाबा माडाला टेकून बराच वेळ बसून राहिले.

हे दोन्ही खरं आहे. त्यांचं नसणं खरं, आणि त्या नसण्याचा त्यांनी ठेवलेला चोख हिशोबही खरा. मला वाटतं बाबांना एक गोष्ट नीट कळली होती: दूर असलेल्या माणसाने मागे राहिलेल्यांना अंदाज बांधत ठेवू नये. काय पोचलं, काय नाही पोचलं, तेवढं तरी स्पष्ट सांगावं. माया वगैरे त्याच्या वरची.

१९९० साली बाबा कायमचे घरी आले आणि आमची पंचाईत झाली. मी अकरा वर्षांचा. पत्रातले बाबा मला चांगले ओळखीचे होते, हा पहाटे पाच वाजता शिट्टी मारून उठवणारा माणूस कोण होता कुणास ठाऊक. त्यांनी विहिरीच्या पंपाचं लॉगबुक सुरू केलं. किती वाजता चालू, किती वाजता बंद, कोणी केला, सही. आई सही करायची नाही, त्यावरून भांडण. मी सरळ त्यांच्याशी बोलणं कमी केलं. आणि एक दिवस शाळेत कंपासपेटी उघडली तर आत घडी केलेला कागद. कोपऱ्यात नंबर: क्र. ९०/१. "तुला माझा राग आलेला दिसतो. कशाचा, ते कळव."

मी कळवलं. माझं ९०/१: "घरात कोणी शिट्टी वाजवून उठवत नाही." दुसऱ्या दिवसापासून शिट्टी बंद! एका घरात, दोन खोल्यांच्या अंतरावर, आमचा पत्रव्यवहार मे महिन्यापर्यंत चालला. मग हळूहळू बोलायला लागलो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या सुपारी-नारळाच्या वाड्या झोपवून गेलं. मी पुण्यात, लॉकडाउनमध्ये, लॅपटॉपसमोर. दुपारनंतर फोन लागेना. वीज गेली, टॉवर बंद, रस्त्यावर झाडं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. आमच्या कंपनीत सर्व्हर पाच मिनिटं गप्प झाला तर दहा जणांना मेसेज जातो. इथे आईबाप गप्प होते आणि मला काही कळायला मार्ग नव्हता.

पाचव्या दिवशी व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. गावातला एक मुलगा मोटरसायकलने माणगावच्या बाजूला गेला होता, रेंज मिळाल्यावर त्याने पाठवला. पंपाच्या लॉगबुकातलं फाडलेलं पान. वर कोपऱ्यात: क्र. २०/१.

"आई आणि मी ठीक. कौलं निम्मी गेली. सुपारी ३७ पडल्या, माड ९. गोठा शाबूत. विहिरीचं पाणी चांगलं. वीज नाही, बरेच दिवस येणार नाही. तू येऊ नकोस, रस्ते बंद आहेत आणि पासही लागेल. पोच पाठव."

मी त्या मुलाला फोन केला आणि पोच तोंडी सांगितली. त्याने ती कागदावर लिहून नेली. वर नंबर टाकायला मी आठवणीने सांगितलं.

२ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवी विक्रांत नौदलात दाखल झाली, तेव्हा मी गावीच होतो. जुनी १९९७ साली निवृत्त झाली, पुढे काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१४ मध्ये भंगारात गेली. बाबा ते संग्रहालय बघायला कधी गेले नाहीत. टीव्हीवर नवं जहाज बघताना मात्र पुढे सरकून बसले. "बॉयलर किती?" म्हणून विचारलं. मी फोनवर शोधून सांगितलं, बॉयलर नाहीतच, चार गॅस टर्बाइन आहेत. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं झालं. पोरांना गरम कमी होईल."

जानेवारी २०२३ मध्ये बाबा गेले. झोपेत, घरीच. मी पहाटे निघून सकाळी पोचलो.

त्यांची पत्रं आईने पत्र्याच्या ट्रंकेत वर्षवार बांधून ठेवली होती. गेले काही वीकांत मी ती स्कॅन करतोय. नंबर असल्यामुळे काम सोपं आहे, कुठलं गहाळ आहे ते लगेच कळतं. सात पत्रं मिळत नव्हती. सहा बहुतेक टपालातच हरवली असणार, कारण आमची त्यांची पोच कुठेच नाही. सातवं ८४/६. त्याची पोच मात्र आहे, बाबांच्या पुढच्या पत्रात उल्लेखही आहे. आईला विचारलं, "हे कुठे गेलं?"

"ते आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "ते नाही द्यायचं."

यादीत ८४/६ च्या समोर मी 'पोचलं' एवढंच लिहिलंय.