खालसा

गेल्या रमजानआधी आम्ही भावंडे लातूरच्या घरी वडिलोपार्जित शेताची कागदपत्रे काढून बसलो होतो. वाटणी करायची होती. त्यात निजामाच्या काळातला एक उर्दू कागद निघाला. आम्ही सारे मराठी शाळेत शिकलेलो. उर्दू हस्ताक्षर लावताना दमछाक होते. एक शब्द मात्र लागला : खालसा.

चेहरेच उतरले. १८४८ साली इंग्रजांनी सातारा खालसा केला, हे आम्ही शाळेत पाठ केलेले. म्हणजे दादांची जमीनही सरकारजमा झाली होती की काय?

नांदेडहून फुप्पींना बोलावले. चष्मा लावून त्यांनी कागद वाचला आणि हसल्या. "अरे, डरते कायको? खालसा बोले तो साफ!"

मग त्यांनी समजावले. जहागिरीच्या गावात शेतसारा जहागीरदाराकडे जाई, खालसा गावात थेट सरकारकडे. मध्ये कोणी नाही. संस्थान खालसा होते तेव्हाही मधला राजा जातो, मुलूख थेट सरकारचा होतो. म्हणून मराठीत हा शब्द गमावण्याचा झाला.

मूळ अरबी 'खालिस', म्हणजे निर्भेळ. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ साली स्थापलेला खालसा पंथही त्याच शब्दाचा. १७०८ साली त्यांचे देहावसान झाले ते फुप्पींच्या नांदेडातच. 'खुलासा' याच धातूचा : उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. 'खलास'ही त्यातलाच : अरबीत सुटका, आपल्याकडे संपले. आणि नमाजीत आपण वारंवार पढतो ती सूरह इखलासही याच घरातली.

कागदाची घडी घालताना थोरल्या भावाने विचारले, "फुप्पी, या जमिनीत तुमचा हिस्सा?"

"मैं तो कब की माफ कर दी," त्या हळूच म्हणाल्या.

आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलो होतो. पण माहेर तुटेल या भीतीने बहिणीने सोडलेला हक्क खालिस कसा? कुरआनने ठरवून दिलेला हिस्सा कोणाच्या संकोचावर कसा गिळायचा? जहागीरदार गेले; बहीण आणि तिचा हक्क यांच्यामध्ये आम्हीच उभे होतो.

त्या दिवशी वाटणी थांबवली. आधी फुप्पींचा हिस्सा वेगळा काढला, मग उरलेल्या जमिनीचा हिशेब मांडला. आमच्या वाट्याला जमीन कमी आली, पण कागदावरचा तो शब्द आता आमच्या घरात खरा झाला.