पंधरा रुपयांचं गांडूळ

प्लॅस्टिकची गांडुळं पहिल्यांदा विकत घेतली तेव्हा मी घरात किंमत खोटी सांगितली. दहा नगांचं पाकीट नऊशे रुपयांना पडलं होतं. आईला सांगितलं, दीडशे. तरी ती म्हणाली, "दीडशे? मागं उकिरडा उकर की, फुकटात निघतील."

तिचं चुकलं नव्हतं. बदनापूर तालुक्यात सोमठाण्याच्या धरणावर, म्हणजे ऊर्ध्व दुधनावर, मी लहानपणापासून उकिरड्यातलीच गांडुळं घेऊन जायचो. तंगूस, गळ, शिशाचा तुकडा आणि तरंगायला मोरपिसाचा दांडा. हे मला शिकवलं भोई गल्लीतल्या एका मामांनी. धरणातली मासेमारी त्यांच्या संस्थेकडे असते, म्हणून आजही काठी काढायच्या आधी मी त्यांना विचारतो. ते हसतात. "धर. तुला काय घावणारे?"

मग हातात स्मार्टफोन आला आणि रात्री-रात्री अमेरिकेतले व्हिडिओ बघायचं व्यसन लागलं. तिकडं बास नावाचा मासा आहे आणि त्याच्यासाठी लोक रबरासारखी मऊ गांडुळं पाण्यात टाकतात. हा शोध 1949 सालचा. ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम नावाच्या कामगाराने बायकोसोबत घरच्या स्वयंपाकघरात प्लॅस्टिक वितळवून साच्यात ओतलं आणि गांडूळ तयार झालं. आज ज्याच्या पाकिटावर चमकदार अक्षरं असतात, ती वस्तू मुळात चुलीवरची आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आपल्या धरणात बास नाही. आपल्याकडे मरळ आहे. शेजारच्या तेलंगणाने तर तिला राज्यमासा केलंय. मरळ पाण्याबाहेरची हवाही घेते, म्हणून अधूनमधून वर येऊन गप्पकन श्वास घेते आणि आपल्याला तिचा पत्ता लागतो. ती राहते मात्र अडचणीत. बुडालेल्या बाभळीत, बेशरमाच्या झुडपात, गवतात. साधा गळ तिथं टाकला की पहिल्याच फेकीत अडकतो. प्लॅस्टिकच्या गांडुळाची गंमत इथंच आहे. गळाचं टोक त्याच्या अंगातच लपवायचं आणि पुढं टोकदार शिसं लावायचं. मग ते काट्याकुट्यांतून न अडकता सरपटत येतं. मरळीने तोंड आवळलं की टोक बाहेर येतं.

नऊशेच्या पाकिटावर दुसऱ्याच रविवारी मरळ लागली. किलोभराची असेल. त्या दिवशी माझा त्या पाकिटावर बसलेला विश्वास एखाद्या देवावर बसावा तसा होता. पण मरळीला दात असतात. एक मासा, एक शेपूट तुटलेलं गांडूळ. दीड महिन्यात दहाची दोन उरली. मी जालन्यात एका दुकानात हिशेब लिहितो. पुन्हा-पुन्हा नऊशे रुपये गांडुळांवर घालणं मला परवडणारं नव्हतं.

म्हणून खरंच दीडशेचं पाकीट मागवलं. नावगाव नसलेलं. उघडलं तर चप्पलच्या दुकानासारखा वास. गांडुळं पाकिटात दुमडून वाकडी झालेली, अंगाने राठ. टाकली, पाच मिनिटं ओढली, काही नाही. काढून उरलेलं महागाचं लावलं. पुढच्या रविवारी परत तेच. शेवटी ते पाकीट टेबलाच्या खणात गेलं. मी मित्राला सांगूनही टाकलं, "स्वस्तातलं चालत नाही रे."

मे महिन्यात ओसरीवर अण्णांचं गोणपाट निघालं.

हे गोणपाट आमच्या घरात 2020 नंतर आलं. त्या जूनमध्ये मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. आमच्याही दोन एकरांत तेच झालं. बी विकतचं होतं, बॅग रंगीत होती, वर शिक्का होता. आठ दिवसांनी रानात गेलो तर ओळीत चार-दोन ठिकाणी हिरवं, बाकी काळी माती. दुबार पेरणीला अण्णांनी मामाकडून उसने पैसे आणले. अण्णा कुणाला काही बोलले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "बॅगवरचं वाचलं, बी नाही पाहिलं."

आणि हे जालन्यात. ज्या गावाला लोक बियाण्यांचं गाव म्हणतात. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथंच महिको सुरू केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. इथल्या माणसाला बियाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. कपाशीचं संकरित बी घरचं ठेवून चालत नाही, दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. पण सोयाबीनचं तसं नाही. ते स्वपरागी, सरळ वाणाचं बी दोन-तीन वर्षं घरचंच वापरता येतं. अट एकच, आधी तपासायचं.

अण्णांची तपासणी अशी. पोत्यातून सरसकट शंभर दाणे मोजून घ्यायचे. चांगले-चांगले निवडायचे नाहीत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उलगडून मोजायचं. सत्तर किंवा जास्त कोंब निघाले तर एकरी तीस किलो पेरायचं. कमी निघाले तर त्या मानाने बी वाढवायचं.

तिसऱ्या दिवशी मी न राहवून गुंडाळी उलगडायला गेलो तर अण्णा ओरडले. "राहू दे ना! तिसऱ्या दिशी पाहून काय समजणारे? सात दिवस म्हणलं की सात दिवस."

तेव्हा माझ्या डोक्यात खणातलं पाकीट आलं. मी महागाच्या गांडुळाला अर्धा-अर्धा तास दिला होता आणि स्वस्ताच्या गांडुळाला पाच मिनिटं. तेही ऊन चढल्यावर, आधीच मन उडालेलं असताना. ही कसली तपासणी?

पुढच्या रविवारी महागाची दोन घरीच ठेवली. आदल्या रात्री स्वस्ताची गांडुळं गरम पाण्यात मिनिटभर बुडवून काढली. वाकडी होती ती सरळ झाली, जरा मऊही पडली. वास जावा म्हणून मीठ आणि ठेचलेला लसूण घालून डब्यात ठेवली. आई म्हणाली, आता फोडणी तेवढी राहिली. पहाटे साडेपाचला धरणावर. फोनमध्ये वेळ लावली, एका झुडपाला वीस मिनिटं. त्याच्या आत गांडूळ बदलायचं नाही, जागा बदलायची नाही.

पहिला रविवार कोरडा. दुसऱ्या रविवारी एक ओढ, पण मी घाईत झटका दिला आणि सुटली. त्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. यात मीठ कमी, त्यामुळे हे गांडूळ महागाच्यापेक्षा हलकं आहे, सावकाश बुडतं. उन्हाळ्यात काठाला पाणी उथळ असतं. तिथं मी उगाच जड शिसं लावत होतो. शिसं लहान केलं, तर ते गवतावर टेकत-टेकत, थांबत-थांबत उतरू लागलं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. नव्वद रुपयांचं गांडूळ मी झुडपाच्या शेजारी टाकायचो. पंधरा रुपयांचं झुडपाच्या आत टाकत होतो. अडकलं तर अडकलं. आणि मरळ आतच होती.

तिसऱ्या रविवारी, सव्वासहाच्या सुमारास, तंगूस नुसतं बाजूला सरकायला लागलं. मी तीनपर्यंत मोजलं आणि ओढलं. पाणी फाटल्यासारखा आवाज झाला. काठावर आणली तेव्हा अर्धं गांडूळ तिच्या तोंडात आणि अर्धं गळावर होतं. ते तोंडातलं अर्धंही मी काढून खिशात ठेवलं. हे प्लॅस्टिक कुजत नाही, धरणात टाकून यायची वस्तू नाही. दोन तुकडे मेणबत्तीवर, उघड्या जागी, टोकाला तापवून जोडले तर परत चालतात.

पाच रविवारांचा हिशेब मी वहीत मांडला. तीन मरळी, चार सुटलेल्या ओढी, सहा गांडुळं गेली. एवढ्यावरून स्वस्त चांगलं की महाग, हे सिद्ध होत नाही. महागाचं गांडूळ मऊ असतं, पाण्यात जास्त जिवंत वाटतं, हे आजही खरं आहे. पण आता पहाटे स्वस्ताचं लावताना माझा हात अडखळत नाही. पावसाळा लागला की मी गळ बंद करतो, तेव्हा मरळ पिलांच्या लाल घोळक्याची राखण करत असते.

सातव्या दिवशी अण्णांनी गोणपाट उलगडलं होतं. आम्ही दोघांनी मोजलं. अठ्ठ्याहत्तर. अण्णांनी परत एकदा एकट्याने मोजलं. मग मरळीची आमटी खाताना मी सांगून टाकलं की पहिलं पाकीट नऊशेचं होतं.

आई काही बोलली नाही. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, जरा वेळ थांबले आणि विचारलं, "त्यातली दोन राहिलीत म्हणला ना? कुठं ठेवलीस?"