वजनकाट्याची जुनी प्रणाली बदलताना

शासकीय कार्यालयात संगणक बदलतो, पण त्याला जोडलेले यंत्र सहसा तेच राहते. जबलपूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता तिलवारा येथे नर्मदा ओलांडतो. त्या परिसरातील एका धान खरेदी केंद्राच्या वजनकाट्याबाबत मला हा अनुभव आला. इकडे या काट्याला धरमकाँटा म्हणतात. शेतकरी त्या नावावर विश्वास ठेवूनच ट्रॉली काट्यावर चढवतो.

काट्याचा दर्शक आरएस-२३२ या १९६०च्या दशकातील पद्धतीने तारेतून वजनाचे अंक सतत पाठवत असतो. ते वाचणारी प्रणाली व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये, एमएसकॉम या घटकावर बांधलेली होती. या घटकाची ६४-बिट आवृत्ती नाही आणि त्या विकसन-साधनाला निर्मात्यांचा आधार एप्रिल २००८ मध्येच संपला. स्थलांतर अटळ होते. प्रश्न एवढाच होता, की तारेशी बोलणारी लायब्ररी कोणती घ्यावी?

पुरवठादाराचा आग्रह विकतच्या, बंदिस्त घटकाचा होता. दुसरा पर्याय डॉटनेटमध्ये २००५ पासून असलेल्या सिरियलपोर्टचा होता. वैशिष्ट्यांचे तक्ते बाजूला ठेवून मी दोन चाचण्या मागितल्या.

पहिली चाचणी तुटक अंकांची. तारेतून अक्षरे एकगठ्ठा येतीलच असे नाही. १२४५० मधले आधी १२४ येतात, मग ५०. जुनी प्रणाली समाप्तीचे चिन्ह येईपर्यंत थांबत असे. हा नियम कोणत्याही कागदावर नव्हता, तो फक्त जुन्या कोडमध्ये होता. सिरियलपोर्टच्या दस्तऐवजातही स्पष्ट म्हटले आहे, की प्रत्येक बाइटसाठी सूचना मिळेलच याची हमी नाही. म्हणजे या सूचनांवर विसंबायचे असेल, तर अक्षरे साठवून पूर्ण ओळ जुळवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

दुसरी चाचणी तार काढण्याची. विकतच्या घटकावर बांधलेल्या नमुन्यात तार काढल्यावरही पडद्यावर शेवटचे वजन तसेच राहिले. म्हणजे मागच्या शेतकऱ्याचा आकडा पुढच्याच्या पावतीवर छापला जाऊ शकला असता, आणि घटक बंदिस्त असल्याने दोष कुठे आहे हे कोणालाच पाहता आले नसते.

आम्ही सिरियलपोर्ट निवडले. ते निर्दोष आहे म्हणून नव्हे, तर त्याचे दस्तऐवज उघड आहेत आणि उद्या येणारा कनिष्ठ तंत्रज्ञही ते वाचू शकतो म्हणून. तारेशी संबंधित सर्व कोड एका वेगळ्या भागात ठेवला, जेणेकरून पुढे लायब्ररी बदलली तरी पावतीच्या हिशेबाला हात लावावा लागू नये. दोन सेकंद नवा आकडा आला नाही, तर पडदा कोरा होतो आणि पावती निघत नाही.

अशा कामांच्या निविदेत आपण वेग, किंमत आणि मुदत लिहितो. यंत्र गप्प झाले तर प्रणालीने काय करावे, हेही तेथेच लिहिले पाहिजे. चुकीच्या आकड्याची किंमत काट्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मोजावी लागते, आणि निविदेच्या बैठकीत तो नसतो.