शक्ती, पुन्हा एकदा

रविवार, रात्र. जोगेश्वरी पूर्व.

‘माइंड एक्स्प्लोजन’ आज सलग ऐकला. ‘शक्ती’ या बँडच्या २०२३ मधल्या सुवर्णमहोत्सवी दौऱ्यातल्या मैफलींचं हे ध्वनिमुद्रण २०२५ मध्ये आलं. त्याआधीच, १५ डिसेंबर २०२४ रोजी, तबलावादक झाकीर हुसेन, आपले झाकीरभाई, गेले. तबल्यावर पहिली थाप पडली आणि गळा दाटून आला.

मग जुने अल्बम काढले. १९७५ च्या जुलैत साउदॅम्प्टन कॉलेजात वाजलेला पहिला अल्बम: जॉन मॅक्लॉफ्लिन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासोबत तरुण झाकीर, सगळे सुसाट सुटलेले. त्यानंतर आपल्या मुंबईत मुद्रित झालेला ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’. त्यात यू. श्रीनिवासांचं मेंडोलिन, शिवकुमार शर्मांचा संतूर. माझं प्रेम जडलं ते इथेच.

नव्या ध्वनिमुद्रणात कान अडकतो तो विक्कूंच्या मुलाच्या, सेल्वागणेशच्या, खंजिऱ्यावर. वाद्य तळहाताएवढं. डाव्या हाताची बोटं कडेशी कातडं दाबतात, उजवा हात वाजवतो आणि थेट डग्ग्यासारखा घुमारा निघतो. झाकीरभाई तो बोल उचलतात, फिरवतात, परत देतात. शंकर महादेवनची तान मधूनच झेप घेते आणि सगळे एकदम समेवर येतात.

ऐंशी ओलांडलेला मॅक्लॉफ्लिन किती वेळा नुसता थांबून ऐकतो! दुसऱ्याला वाव देण्यात एवढा आनंद असतो, हे मला या मंडळींनी शिकवलं. भाची तबला शिकतेय. उद्या तिला हे ऐकवायचंच.