‘बोलेल हळूहळू’ म्हणण्यापूर्वी

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नसेल, तर आपल्या एकत्र कुटुंबांत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘बोलेल हळूहळू. मुलगे उशिराच बोलतात. याचा बापही तीन वर्षांनी बोलला होता.’ या वाक्यात माया असते, धीर असतो आणि पुष्कळदा ते खरेही ठरते. परंतु ज्या घरात ते खरे ठरत नाही, तेथे त्याची किंमत लहान मुलाला मोजावी लागते. त्याविषयी चार शब्द समाजबांधवांसमोर ठेवावेत, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेत शिक्षण झाले आणि सारी नोकरी बँकेत गेली. आजोबा या नात्याने गेल्या तीन वर्षांत जे पाहिले आणि समजून घेतले, तेच येथे सांगतो.

आमचा नातू बावीस महिन्यांचा असताना इंग्रजी मुळाक्षरे ए पासून झेड पर्यंत म्हणत असे. मोबाईलवरून वीसपर्यंत अंकही शिकला होता. येणारे-जाणारे कौतुक करीत. पण या मुलाने आपल्या आईला ‘मम्मी’ म्हणून एकदाही हाक मारली नव्हती. तीन वेळा नावाने बोलावले तरी तो वळून पाहत नसे. मात्र आतल्या खोलीत टीव्हीवरील जाहिरातीचे संगीत लागले की धावत येई. खाखरा हवा असेल तर बोट दाखवीत नसे. आईचा हात धरून तो डब्यावर नेऊन ठेवी. ‘पाणी हवं?’ असे विचारले की उत्तर येई, ‘पाणी हवं?’ खेळण्यातील ट्रक उलटा करून त्याची चाके तो अर्धा अर्धा तास फिरवीत बसे.

हे सारे प्रथम ध्यानात आले ते सुनबाईच्या. तिने एका वहीत तारीखवार नोंदी ठेवल्या होत्या. ती वही मी पाहिली, तेव्हा एखाद्या चोख रोजमेळासारखी ती मला वाटली.

डॉक्टरांकडे जाण्याचा विषय निघताच आप्तांमध्ये कुजबुज सुरू झाली. त्या सुमारास आमच्या धाकट्या कन्येच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. हितचिंतकांचा सल्ला आला : ‘एकदा साखरपुडा होऊ द्या, मग दाखवा. उगाच घराण्याला नाव कशाला?’ त्या रात्री सुनबाई मला म्हणाली, “पप्पाजी, सोयरीक पुढच्या वर्षीही जमेल. याचे हे वर्ष परत येणार नाही.” मी दुसऱ्याच दिवशी वेळ ठरवली. कन्येनेही स्पष्ट सांगितले, की ज्या घराला तिचा भाचा चालणार नाही, ते घर तिलाही नको. पुढे यथावकाश सोयरीक जमली. व्याह्यांना आम्ही सर्व काही आधीच सांगितले होते.

व्यापारी वाचकांना बँकेतील एक उदाहरण सहज पटेल. कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की खाते एन.पी.ए. होते. परंतु बँक नव्वदाव्या दिवसाची वाट पाहत नाही. ताणाची पहिली चिन्हे दिसताच ते खाते ‘स्पेशल मेन्शन’ यादीत घेतले जाते. कर्जदाराची अब्रू घेणे हा त्यामागचा हेतू नसतो. वेळ हाती असताना मार्ग काढता यावा, म्हणून ती नोंद असते. मूल म्हणजे काही खाते नव्हे. पण वेळेवर नोंद घेण्याचे महत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे. पहिल्या तीन-चार वर्षांत मेंदूची जडणघडण अतिशय वेगाने होत असते आणि त्या काळात दिलेल्या मदतीचा लाभ अधिक होतो.

तज्ज्ञांनी सर्वप्रथम श्रवणाची तपासणी करून घेतली. बाळ झोपेत असताना डोक्याला तारा लावून ‘बेरा’ ही चाचणी करतात. तिचा त्रास होत नाही. नातवाचे ऐकणे उत्तम निघाले. बोलण्यास विलंब म्हणजे स्वमग्नता, असे समीकरण नसते, हेही त्यांनी समजावले. ऐकू कमी येणे, एकूणच विकास मंद असणे किंवा निव्वळ बोलणे उशिरा येणे, अशी अनेक कारणे संभवतात. यांतले नेमके कोणते, हे घरबसल्या ठरवता येत नाही.

काही खुणा मात्र प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. बारा महिन्यांपर्यंत बाळाने बडबडगुंजन करावे, बोटाने दाखवावे, टाटा करावे. सोळा महिन्यांपर्यंत सुटे शब्द यावेत. चोवीस महिन्यांपर्यंत ‘मम्मी ये’, ‘दूध दे’ अशी स्वतःहून जुळवलेली दोन शब्दांची वाक्ये यावीत. आणि आलेला शब्द किंवा हसणे-खेळणे कोणत्याही वयात नाहीसे होऊ लागले, तर एक आठवडाही न दवडता तज्ज्ञांकडे जावे. स्वमग्नतेसाठी रक्ताची चाचणी वा स्कॅन नाही. मुलाचे निरीक्षण आणि आईवडिलांनी दिलेली माहिती यांवरूनच निदान होते. सुनबाईची वही तेथे फार उपयोगी पडली.

यानंतर दोष कोणाचा, हा प्रश्न उभा राहतोच आणि बोट आईकडे वळते. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचा अभ्यास मांडून या अवस्थेचे वर्णन केले. पुढे काही काळ आईच्या कोरडेपणामुळे हे घडते, असा समज पाश्चात्त्य देशांतही पसरला होता. शास्त्राने तो केव्हाच मोडीत काढला आहे. आपल्या घरांत मारवाडी किंवा गुजराती, बाहेर मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा अनेक भाषा कानावर पडतात. त्यामुळेही स्वमग्नता येत नाही. मोबाईलने स्वमग्नता येते असेही नाही. पण मोबाईल एकतर्फी बोलतो, मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. म्हणून दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे, हे बरे. कोणी पूर्वकर्माचा हवाला देतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की कर्म मानणाऱ्या आपल्या परंपरेने पुरुषार्थही तितकाच मानलेला आहे.

आमच्या घरी पुरुषार्थ जमिनीवर बसून करावा लागला. आठवड्यातून दोनदा वाचा उपचारतज्ज्ञ व ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याकडे जाणे. उरलेले सारे घरीच. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचे, एकच सोपा शब्द बोलायचा आणि मग थांबायचे. हे थांबणे फार कठीण. चिरंजीव दुकानातून तूर, मूग, हरभरा आणीत. वाटीत ओतताना ‘दे’ आणि ‘घे’ हे दोनच शब्द. पाच महिने काही घडले नाही. मग एके सायंकाळी गॅलरीतून त्याने खालच्या टेम्पोकडे बोट दाखवले आणि वळून माझ्याकडे पाहिले. आपल्याला दिसलेली वस्तू दुसऱ्यालाही दिसावी, असे त्याला प्रथमच वाटले होते. ‘दे’ हा शब्द त्यानंतर सहा आठवड्यांनी आला.

तिसऱ्या वर्षी स्वमग्नतेचे निदान निश्चित झाले. सुनबाई खूप रडली. पण काम आधीच सुरू झालेले असल्याने घर कोलमडले नाही. आज नातू पाच वर्षांचा आहे, नेहमीच्या शाळेत जातो, लहान वाक्ये बोलतो. मंगल कार्यालयातील बँड त्याला अजून सोसत नाही. मित्र करणेही जड जाते. स्वमग्नता हा काही ताप नव्हे, की तो उतरावा. त्याला आपले म्हणणे सांगता येते, हे आम्हांला पुष्कळ आहे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत मुलांची विनामूल्य तपासणी होते आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत पुढील मदत मिळते. मुंबईत वांद्रे येथे वाचा व श्रवणासाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. अठरा वर्षांनंतर पालकत्वाची गरज भासल्यास याच कायद्याखाली स्थानिक समिती प्रमाणपत्र देते आणि बँका ते स्वीकारतात. सधन घरे ‘नावाला डाग लागेल’ म्हणून प्रमाणपत्र घेत नाहीत. तो मुलाचा हक्क आहे.

घरातील ज्येष्ठांना एक नम्र विनंती. एखादी तरुण आई ‘बाळाचे काहीतरी वेगळे वाटते’ असे म्हणाली, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणण्यापूर्वी तिला काय दिसले ते विचारावे, पूर्ण ऐकून घ्यावे आणि तपासणीला तिच्यासोबत जावे. शंका निराधार ठरली, तर आनंदच आहे. खरी ठरली, तर बाळाच्या हाती काही मौल्यवान महिने अधिक आलेले असतील.