छपाईचें आत्मनेपद

दूरच्या काँप्युटरवर घरबसल्या काम करण्याची सोय आतां खेडोपाडीं पोंचली आहे. ती वापरणारांस नाना शंका येतात. मला आलेली शंका साधी होती: कागद कोठें पडतो? चिपळूणकडील आमच्या घरीं बसून मी पुण्यांतील एक यंत्र चालवितों. पडद्यावर दिसतें तें सारें तिकडचें. कळा दाबणारीं बोटें मात्र इकडचीं. अशा वेळीं ‘छाप’ म्हणून आज्ञा केली, तर कागद पुण्यास निघावा कीं माझ्या मेजावर?

पाणिनीच्या अभ्यासकांस हा प्रश्न मुळींच नवा नाहीं. ऋत्विज दुसऱ्यासाठीं यज्ञ करतो तेव्हां ‘यजति’, आणि यजमान स्वतःसाठीं करतो तेव्हां ‘यजते’, हें मीं वर्गांत तीस वर्षें सांगितलें. क्रिया तीच, फळ कोणाच्या पदरांत पडतें एवढ्यावरून परस्मैपद कीं आत्मनेपद तें ठरावयाचें. मुलें रूपें घडाघडा म्हणत, पण भेद कांहीं त्यांच्या मनांत उतरत नसे. आज शाळेंत असतों तर फळ्यावर दोन प्रिंटर काढून दाखविले असते.

छपाईला हें आत्मनेपद सुखासुखीं मिळालेलें नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज २०००’ पासून, जोडणी होतांना जवळच्या प्रिंटरचें नांव दूरच्या यंत्राला कळविण्याची योजना झाली. पण तींत एक मेख होती. प्रत्येक प्रिंटरला त्याचा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचें बोलणें प्रिंटरला समजावून देणारा दुभाषी. तो माझ्या घरीं असून भागत नसे. तिकडच्या यंत्रावरही तो बसविलेला असावा लागे. खेड्यांतल्या एका मास्तरच्या स्वस्त प्रिंटरकरितां शहरांत दुभाषी कोण नेमणार? पुढें २००८ सालच्या ‘विंडोज सर्व्हर’बरोबर ‘ईझी प्रिंट’ नांवाची युक्ति आली. तिच्यांत दूरचें यंत्र पान तयार करून एक्स.पी.एस. नांवाच्या सर्वसामान्य रूपांत बांधतें व इकडे धाडतें. पुढचें भाषांतर घरचाच दुभाषी करतो. पानाबरोबर अक्षरांचे सांचेही येऊं शकतात, त्यामुळें तिकडचें देवनागरी इकडे येऊन चौकोन बनत नाहीं. ज्यांनीं आपल्या निमंत्रणपत्रिकेचे असे चौकोन पाहिले आहेत, त्यांना ह्या सुखाचें मोल ठाऊक आहे. यादींत घरच्या प्रिंटरच्या नांवापुढें कंसांत ‘रीडायरेक्टेड’ असा शब्द व एक अंक दिसतो. जोडणी तुटली कीं तें नांवही तेथून नाहींसें होतें; पाहुणा गेला, त्याची खुंटीही गेली.

हें सर्व मला शिकावें लागलें तें आमच्या घराच्या वाटणीपायीं. घर आणि आगर वडिलोपार्जित; वांटेकरी चौघे, पैकीं दोघे मुंबईस. मसुदा करणारा पुतण्या पुण्यास वकिली करतो. ई-मेलनें मसुदा फिरूं लागला कीं चार दिवसांत त्याच्या चार प्रती होतात आणि खरी कोणती तें कोणासच कळेनासें होतें. म्हणून मसुदा एकच, आणि तो त्याच्या कार्यालयांतील यंत्रावर ठेवावा असें ठरलें. मराठी नीट करण्याचें काम माझ्याकडे आलें.

परंतु थोरल्या वहिनींचें काय? वय शहाऐंशी, दादांच्या मागें त्या एकट्याच, पोटीं मूलबाळ नाहीं. वाटणींत ज्यांचें सर्वांत अधिक जावयाचें किंवा राहावयाचें, त्या ह्याच. आणि त्यांचा निश्चय असा, “भाऊजी, कांचेवरचें मी वाचणार नाहीं. हातांत धरतां येईल असा कागद द्या.”

पहिल्या दिवशीं यादींत घरच्या प्रिंटरचें नांवच दिसेना. दिसला तो कार्यालयांतील सामाईक प्रिंटर. पुतण्या फोनवर म्हणाला, “काका, तुम्ही खुशाल आज्ञा द्या, मी उचलून ठेवतों.” तो प्रिंटरपाशीं पोंचेपर्यंत एका पक्षकारानें वरचें पान वाचून काढलें होतें. गृहस्थ नेमके आमच्याच तालुक्याचे! त्या रात्रीं मुंबईहून विचारणा आली कीं, ओटीकडची बाजू धाकट्याला कशी काय दिली? असें हें छपाईचें परस्मैपद.

चौकशींत उलगडा झाला. कार्यालयाची यंत्रें सांभाळणाऱ्या माणसानें घरच्या प्रिंटरांकडे जाणारी वाट धोरण म्हणूनच बंद ठेवली होती. त्याचें म्हणणें मला पटलें. अशिलांचे कागद कारकुनांच्या घरोघरीं छापले जाऊं लागले तर वकिली बुडावयाचीच. पण ज्याचा कागद त्याच्याच घरीं जावयाचा असेल, तर तीच बंदी उलटी पडते, हेंही त्याला पटलें. त्यानें त्या एका यंत्रापुरती बंदी उठविली. माझ्याकडे ‘रिमोट डेस्कटॉप’च्या ‘लोकल रिसोर्सेस’ ह्या पानावर ‘प्रिंटर्स’पुढें खूण होतीच. पावसाळ्याचे दिवस, जोडणी मंद. पांच मिनिटें कांहींच हालचाल नाहीं, आणि मग एकेक करून चौदा पानें माजघरांत निघालीं.

वहिनींनीं तीं दोन दिवस वाचलीं, हातांत पेन्सिल घेऊन. तिसऱ्या दिवशीं म्हणाल्या, “ह्यांत माझी मधली खोली आहे, स्वयंपाकघर आहे. विहीर कोठें आहे?” खरेंच नव्हती. विहीर आगरांत, आगर दुसऱ्याच्या वाटणीला. वहिनींना राहण्याचा हक्क होता, पाण्याचा नव्हता. चौघां शिकलेल्या पुरुषांनीं तो मजकूर पडद्यावर वाचला होता.

पुतण्यानें फोनवर वाक्य सांगितलें, मीं तें इथून पुण्यांतल्या मसुद्यांत घातलें, आणि सातव्या कलमाचें पान पुन्हां छापलें. वहिनी यंत्रापाशींच उभ्या होत्या. कागद ऊन होता तोंच त्यांनीं उचलला, विहिरीची ओळ बोट ठेवून दोनदां वाचली आणि म्हणाल्या, “आतां माझ्या चष्म्याचें घर द्या.”