ढिले हातमोजे

८ डिसेंबर, कोंढा
धानाचा चुरणा आटोपला आणि थंडी रस्त्यावर उतरली. पहाटे गाडीवर पवनीला निघालं की बोटं बधिर होतात. भाच्याने नागपूरहून चामड्याचे हातमोजे पाठवलेत. ऊब चांगली, पण माप जरासं मोठं. बोटांची टोकं रिकामी राहतात, आणि क्लच दाबताना करंगळीचं ते रिकामं टोक लिव्हर नि मूठ यांच्यामध्ये चेपतं. वळणावर असं झालं तर?

११ डिसेंबर
टेपने पंजा मोजला. अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी. २१.५ सेंटिमीटर. हातमोज्यांचे आकडे जुन्या फ्रेंच इंचात मोजतात आणि तो सुमारे २.७ सेंटिमीटरचा. म्हणजे माझं माप ८. आतल्या पट्टीवर छापलंय ८½. पंज्याभोवती सुमारे दीड सेंटिमीटर जास्तीचं. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या झाव्हिए जूव्हँने १८३०च्या दशकात ही मापं बसवली. त्याआधी असे हातमोजे बेतून शिवून घ्यायचे.

१४ डिसेंबर
शेजारचे काकाजी म्हणाले, "गरम पान्यात बुडव ना बापू, आकसते."
सल्ला जुन्या चामड्याच्या हिशेबाने बरोबर आहे. बाभळीची साल, हिरडा यांनी कमावलेलं चामडं साधारण ७० ते ८५ अंशांना आकसतं. आमच्या धुऱ्यावर बाभळी आहेत, काकाजींनी ते काम पाहिलेलं. आजचं बहुतेक चामडं मात्र क्रोमने कमावतात, आणि ते उकळत्या पाण्याच्या आसपासची उष्णताही सोसतं. बाथरूमच्या गरम पाण्याला ते दाद देत नाही. उलट त्यातलं तेल निघून जातं आणि वाळल्यावर ते कडक होतं. शिवणीच्या आतली कापलेली कड निळसर-करडी दिसली, म्हणजे क्रोमच.
काकाजींना एवढंच म्हटलं, "आकसलं तरी सगळीकडे सारखं थोडीच आकसेल, जी?"

१७ डिसेंबर
ओलसर फडक्याने आतून-बाहेरून पुसले, हातात घातले, मुठी वळल्या-सोडल्या आणि सावलीत हातावरच सुकू दिले. चुलीजवळ नाही, उन्हात नाही. बोटांच्या सांध्यांवर वळ्या बसल्या, पकड सुधारली. टोकं तशीच रिकामी. घडी बसते, माप कमी होत नाही.

२१ डिसेंबर
आतली जागा भरायची, हा सरळ मार्ग. लोकरीचे हातमोजे आत घातले तर क्लच हाताला लागेना. घरात कोशाच्या कापडाचा तुकडा होता. आपल्या जिल्ह्यातलं आंधळगाव कोशासाठी प्रसिद्ध. रेशीम पातळ आणि उबदार. शिंप्याने ते उरेब कापलं, कारण विणलेलं कापड सरळ कापलं तर बोट वाकताना ओढ बसते. हे अस्तर घालून चामडं चढवलं: पंज्याची पोकळी भरली आणि दोन थरांमधल्या हवेने ऊबही वाढली.

२६ डिसेंबर
करंगळीसाठी पवनीला मोचीकडे गेलो. त्याने हातमोजा उलटा केला, बाहेरच्या बाजूची शिवण खडूने आखली आणि म्हणाला, "भाऊ, आधी घालून पाहा. चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही." घालून दाखवल्यावर टोकापासून तळव्यापर्यंत निमुळती शिवण घेतली. टाके जरा लांब ठेवले. फार जवळ घेतले तर त्या रेषेवर चामडं फाटतं. मनगटाला इलॅस्टिक लावलं. जास्तीची कड कापू नका म्हटलं. उसवायची वेळ आली तर कामी येईल.

३ जानेवारी
आज धुक्यातून गेलो-आलो. लिव्हरमध्ये काही अडकलं नाही.
भाच्याला कळवलं: पुढच्या वेळी जरा घट्टच घे. चामडं वापराने सैल होतं, आपोआप आवळत नाही. दुकानात घालून मूठ वळून पाहायची; तळव्यावर चामड्याची घडी जमत असेल किंवा बोटांची टोकं पोकळ लागत असतील, तर भाव कितीही उतरला तरी ते माप घ्यायचं नाही.